सिरॅमिकचे ऑनले पुन्हा पुन्हा सुटते : दोष दाताचा, सिरॅमिकचा की सिमेंटचा?

घोडबंदरकर

नमस्कार. या संकेतस्थळावर दंतवैद्य, लॅबमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि रसायनाचे जाणकार असे सगळेच वावरत असल्यामुळे हा प्रश्न येथे मांडत आहे.

माझ्या उजवीकडील खालच्या पहिल्या दाढेवर सिरॅमिकचे ऑनले बसवलेले आहे. ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो. संपूर्ण दाढ चहूबाजूंनी कोरून तिच्यावर कॅप चढवण्याऐवजी चावण्याचा पृष्ठभाग आणि तुटलेले कंगोरे एवढेच झाकणारा सिरॅमिकचा तुकडा चिकटवतात, त्याला ऑनले म्हणतात. निरोगी दात कमी कापावा लागतो, हे त्याचे मुख्य आकर्षण. माझ्या दाढेचे रूट कॅनाल झालेले नाही. जुने चांदीचे फिलिंग होते, त्याच्या शेजारचा कंगोरा तुटला, म्हणून ऑनलेचा सल्ला मिळाला.

अडचण अशी की ते टिकत नाही. काही महिन्यांनी चिक्की खाताना ते निघाले, त्याच डॉक्टरांनी पुन्हा चिकटवून दिले आणि आता ते परत सुटले आहे. या वेळी तर साधी पोळी-भाजी खाताना. तुकडा तडकलेला नाही, अखंड आहे आणि मी तो डबीत जपून ठेवला आहे. डॉक्टरांच्या मते मी चिकट पदार्थ खातो हे कारण, तर माझ्या मेहुण्याच्या मते सिमेंट हलक्या दर्जाचे. मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की सिरॅमिक आणि दात यांच्यातील बंध नेमका कशावर अवलंबून असतो आणि तो सुधारण्यासाठी काय करता येते? डॉक्टरांचे किंवा दवाखान्याचे नाव कृपया विचारू नये.

नौपाड्याचा_नाना

चिक्की लोणावळ्याची होती की घरची, हे आधी स्पष्ट करावे. घरची असल्यास दोष सिमेंटचा नाही. आमच्या घरच्या चिक्कीने एकदा अडकित्त्याचा खिळा हलला होता.

दंतकथा

घोडबंदरकर, मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कॅप, कवळ्या वगैरे बसवणारी दंततज्ज्ञ आहे आणि वाशीत प्रॅक्टिस करते. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, परंतु तुमच्या डबीतला तुकडा बरेच काही सांगू शकेल. त्याची आतील बाजू भरपूर उजेडात, शक्य झाल्यास भिंगातून पाहा. सिमेंट सिरॅमिकला चिकटून राहिले असेल आणि दाढ मोकळी असेल, तर बंध दाताच्या बाजूने सुटला. याउलट सिरॅमिकची आतील बाजू स्वच्छ असेल आणि सिमेंटचा थर दाढेवर राहिला असेल, तर सिरॅमिकच्या पृष्ठभागाची तयारी कमी पडली. दोन्हीकडे सिमेंट दिसत असेल, तर सिमेंटच मधून फाटले, म्हणजे ते पूर्ण घट्ट झाले नसावे किंवा त्याचा थर फार जाड राहिला असावा.

दुसरे, हे सिरॅमिक कोणते आहे? लॅबकडून एक कार्ड मिळते, त्यावर लिहिलेले असते. ते शोधून ठेवा. या एका उत्तरावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून आहे.

तोवर घरातला झटपट चिकटणारा गोंद लावून ते स्वतः बसवू नका. असे रुग्ण आमच्याकडे येतात. तुकडा केसभर तिरका बसला तरी चावा बिघडतो आणि तो गोंद दोन्ही पृष्ठभागांवरून काढताना नाकीनऊ येतात.

शंकेखोर

एवढा काथ्याकूट कशासाठी, ते समजले नाही. नामांकित कंपनीचे सिमेंट वापरले की प्रश्न मिटायला हवा. शेवटी चिकटवण्याचे काम सिमेंटच करते ना?

पाया_पक्का

शंकेखोर, मी बांधकाम क्षेत्रातला आहे, म्हणून आमच्याकडचे उदाहरण देतो. गुळगुळीत काँक्रीटवर छिन्नीने खाचा पाडल्या नाहीत आणि धूळ झाडून घेतली नाही, तर सर्वोत्तम सिमेंटचा गिलावाही फुगून खाली येतो. गोणीवर कोणाचेही नाव असले तरी त्यात फरक पडत नाही. दातांतले मला कळत नाही, परंतु तत्त्व याहून वेगळे असेल असे वाटत नाही.

दंतकथा

तत्त्व तेच आहे. फरक एवढाच की आमच्याकडे भिंती दोन असतात आणि दोन्हींची तयारी वेगवेगळ्या पद्धतीने करावी लागते. आधी दाताच्या बाजूचे सांगते.

१९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणावर, फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावून दाखवले, की त्यानंतर अ‍ॅक्रिलिक त्याला कितीतरी घट्ट धरते. त्यांनी वापरलेले आम्ल ८५ टक्के तीव्रतेचे होते. आज आम्ही साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचे जेल वापरतो. आम्लामुळे एनॅमलवर अतिसूक्ष्म खाचा पडतात, पातळ रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य, त्यांत शिरते आणि तेथेच घट्ट होते. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे, ते कोरडे करता येते, म्हणून हा बंध भरवशाचा असतो.

एनॅमलखालच्या डेंटिनचे तसे नाही. त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ, मुख्यतः कोलॅजेन, आणि १० टक्के पाणी असते. शिवाय त्यातल्या सूक्ष्म नलिकांतून दाताच्या गाभ्याकडून ओलावा येतच राहतो. आम्ल लावल्यावर खनिज विरघळते आणि कोलॅजेनची जाळी उघडी पडते. ती फार कोरडी केली तर खाली बसते आणि रेझिन आत शिरत नाही. फार ओली राहिली तर रेझिन पातळ होते. म्हणून डेंटिनवर आम्ल १५ सेकंदांपेक्षा अधिक ठेवू नये आणि पृष्ठभाग किंचित ओलसर, चमकता ठेवावा, असे आम्हाला शिकवतात. जपानचे नाकाबायाशी यांनी १९८२ साली कोलॅजेन आणि रेझिन यांच्या या मिश्र थराचे वर्णन केले. तोच हायब्रिड थर पुढच्या सगळ्या डेंटिन बॉंडिंगचा आधार ठरला.

तुमच्या दाढेत चांदीचे जुने फिलिंग होते, म्हणजे मध्यभागी खोलवर डेंटिन उघडे असणार आणि एनॅमल केवळ कडेने असणार. अशा वेळी दात कोरल्यावर त्याच बैठकीत, माप घेण्यापूर्वीच, ताज्या डेंटिनवर बॉंडिंगचा थर देऊन तो बंद करणे उत्तम. पास्कल मान्ये यांनी या पद्धतीचा विशेष प्रसार केला. लॅबमधून ऑनले येईपर्यंत दाढेवर तात्पुरते फिलिंग असते आणि त्या काळात उघडे डेंटिन लाळ, जिवाणू आणि तात्पुरत्या सिमेंटने माखते, ते यामुळे टळते.

वाशीची_विशाखा

तात्पुरत्या सिमेंटचा उल्लेख आला म्हणून विचारते. त्याला लवंगेच्या तेलाचा वास येतो ते हेच का? माझ्या पुढच्या दातांवर व्हिनिअर्स, म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ पापुद्रे आहेत. ते बसवण्याआधी माझ्या डॉक्टरांनी मुद्दाम बिनवासाचे सिमेंट वापरले होते. मला वाटले होते की माझ्या नाकाची काळजी घेतली.

दंतकथा

हो विशाखाताई, तो वास युजेनॉलचा. युजेनॉल रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते, म्हणून पुढे रेझिन सिमेंट वापरायचे असेल तेव्हा युजेनॉलविरहित तात्पुरते सिमेंट निवडतात. नाकाचा फायदा आनुषंगिक.

रबाळे_रसायन

मी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात नोकरी करतो आणि फ्लोरीनच्या रसायनांशी माझा रोजचा संबंध आहे. सिरॅमिकच्या बाजूचे रसायन मी सांगतो. चूक असल्यास दंतकथा यांनी दुरुस्त करावी.

ज्या सिरॅमिकमध्ये काचेचा अंश असतो, म्हणजे फेल्डस्पारयुक्त पोर्सलेन किंवा लिथियम डायसिलिकेट, त्यावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल काम करते. हे आम्ल सिलिकाला खाते. काचेचा भाग विरघळतो, स्फटिक उभे राहतात आणि पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र होतो. हा झाला यांत्रिक पकडीचा भाग. त्यानंतर सायलेन लावतात. सायलेनच्या रेणूचे एक टोक सिलिकाच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटांशी जोडले जाते आणि दुसऱ्या टोकाचा मेथाक्रिलेट गट रेझिनच्या साखळीत सामील होतो. काचेच्या तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकमध्ये, म्हणजे आपल्या टाक्या आणि पत्रे ज्याचे असतात त्यात, हीच युक्ती वापरली जाते. दातांसाठी शोधलेले हे रसायन नव्हे.

या आम्लाबाबत एक इशारा द्यायलाच हवा. सौम्य द्रावणाचा थेंब त्वचेवर पडला तर लगेच काही वाटत नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर फ्लोराइड आत जाऊन ऊतींतले कॅल्शियम पकडू लागलेले असते. आमच्या विभागात कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असल्याशिवाय कोणी बाटली उघडत नाही. दवाखान्यांत काय पद्धत असते?

मेणकाम

माझी कोपरीला डेंटल लॅब आहे. रबाळे_रसायन यांनी योग्य प्रश्न विचारला. हे आम्ल तोंडात वापरायचे नसते. तुकडा हातमोजे आणि चष्मा घालून तोंडाबाहेरच एच करतात, म्हणजे आम्लाने खडबडीत करतात, आणि आम्ल निष्प्रभ करून मग धुतात. अनेक दवाखाने हे काम आमच्यावर सोपवतात.

आता वेळेविषयी. लिथियम डायसिलिकेटला साधारण ५ टक्क्यांचे आम्ल २० सेकंद पुरते. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पार पोर्सलेनला त्याहून बराच जास्त वेळ, मिनिटभर किंवा अधिक लागतो. बरेच जण सर्वांना एकच वेळ लावतात. कमी वेळ ठेवला तर खाचा पडत नाहीत आणि जास्त ठेवला तर सिरॅमिकच कमकुवत होते. अधिक आम्ल म्हणजे अधिक पकड हा समज खोटा आहे. एचिंगनंतर पृष्ठभागावर पांढरट साका राहतो, तो अल्ट्रासॉनिक बाथमध्ये काढावा लागतो. हा साका म्हणजेच एचिंग झाल्याची खूण, असे समजून त्यावरच सायलेन लावणारेही मी पाहिले आहेत.

सायलेनच्या बाटलीबद्दलही सांगतो. आधीच सक्रिय केलेले, एका बाटलीत येणारे सायलेन कालांतराने निकामी होते. झाकण उघडे राहिले की त्यातले अल्कोहोल उडून जाते. द्रावण स्वच्छ असायला हवे. गढूळ दिसले तर टाकून द्यावे. बाटली महाग असते म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत वापरण्याचा मोह होतो. तेथे काटकसर करू नये.

नौपाड्याचा_नाना

आमच्या घरी खोबरेल तेलाची बाटलीही शेवटच्या थेंबापर्यंत उन्हात उलटी ठेवतात. डॉक्टर अखेर माणूसच.

तलावपाळी

मी निवृत्त दंतवैद्य आहे. वरील सर्व माहिती बरोबर आहे, तरीही माझा सूर वेगळा आहे. आमच्या काळी झिंक फॉस्फेट सिमेंट होते. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटत नाही. केवळ जागा भरते आणि घर्षणाने अडवून धरते. असे असूनही आमच्या कॅप्स दोन-दोन दशके टिकल्या, कारण दाताला आकार देताना आम्ही भिंती जवळजवळ समांतर आणि पुरेशा उंच ठेवत होतो. दाढेची भिंत ४ मिलिमीटरपेक्षा कमी उंच राहू नये आणि उतार जेवढा कमी तेवढा बरा, हे आमच्या हातात बसलेले होते. १९७२ साली विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयनोमर आणले, ते दाताला रासायनिक बंधही करते, परंतु त्यामुळे आम्ही कोरण्यात ढिलाई केली नाही.

हल्ली सगळी भिस्त बाटल्यांवर असते. पाच बाटल्यांपैकी एक शिळी निघाली, सहायकाने एक पायरी गाळली किंवा रुग्णाने मध्येच थुंकायला मान वळवली, की सगळी मेहनत पाण्यात. नीट कोरलेली पूर्ण कॅप एवढी लहरी नसते. घोडबंदरकरांनी ऑनलेचा नाद सोडून कॅप बसवावी, असे माझे मत.

दंतकथा

सर, आपल्या पिढीची कोरणी आजही आम्हाला लाजवते, आणि पूर्ण झिरकोनिया कॅपच्या भिंती चांगल्या असतील तर साध्या ग्लास आयनोमरने ती आजही उत्तम राहते, हे मान्य. परंतु पकडीसाठी भिंत हवी म्हणून निरोगी दाढेचे एनॅमल चहूबाजूंनी कापणे, हा व्यवहार रुग्णाला महागात पडतो. जिवंत दाढ जेवढी खोल कोरावी तेवढा गाभ्याला धोका वाढतो. ऑनलेला मुळात भिंती नसतात, तो बंधावरच उभा असतो, त्यामुळे तेथे बंधाच्या पायऱ्या काटेकोर पाळायच्या किंवा ऑनले द्यायचेच नाही. ‘ऑनले देऊ आणि कॅपसारखे चिकटवू’ हा मधला मार्ग मात्र घातक आहे, आणि माझा संशय असा की घोडबंदरकरांच्या बाबतीत तेच घडले आहे.

तलावपाळी

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीच्यावर आपण भेटून भांडू.

शंकेखोर

माझा प्रश्न अजून शिल्लक आहे. मुंबई-ठाण्याची दमट हवा या सगळ्यात कोठे बसते? पावसाळ्यात भिंती ओलावतात, पापड मऊ पडतात, मग दात कोरडा कसा राहणार? असे काम हिवाळ्यात करावे काय?

दंतकथा

बाहेरच्या पावसापेक्षा तोंडातल्या हवेची चिंता अधिक. माणूस तोंडाने श्वास सोडतो तेव्हा दाताभोवतीची हवा जवळजवळ संपृक्त असते. दवाखान्यात वातानुकूलन असो वा नसो, त्यात विशेष फरक पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे रबर डॅम. दाताभोवती ताणून बसवलेला हा रबराचा पडदा सॅनफोर्ड बार्नम या अमेरिकी दंतवैद्याने १८६४ साली वापरात आणला, आणि एवढे जुने साधन आजही सर्वांत कमी वापरले जाते, कारण ते बसवायला वेळ लागतो आणि काही रुग्णांना गुदमरल्यासारखे वाटते. खालच्या दाढेजवळ जीभ, गाल आणि लाळ हे तिघेही हजर असतात. तेथे कापसाच्या बोळ्यांवर भागवणे म्हणजे जुगार. हिवाळ्याची वाट पाहू नये, रबर डॅमचा आग्रह धरावा.

वाशीची_विशाखा

माझा अनुभव याला पुष्टी देणारा आहे. व्हिनिअर्स बसवताना रबराचा पडदा लावला होता. सुरुवातीला घाबरायला झाले, नंतर नाकाने श्वास घेण्याची सवय झाली. आधी मी दात शुभ्र करण्याची प्रक्रियाही करून घेतली होती. लगेच व्हिनिअर्स बसवा, भाच्याचे लग्न आहे, असा माझा धोशा होता, परंतु डॉक्टरांनी दोन आठवडे थांबवले. कारण त्यांनी सांगितले नाही. लग्नाच्या फोटोंत मी ओठ मिटून आहे.

दंतकथा

त्यांनी योग्य केले. दात शुभ्र करण्यासाठी पेरॉक्साइड वापरतात, त्यातून एनॅमलमध्ये राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. दोनेक आठवड्यांत तो निघून जातो. तसेच व्हिनिअर शक्यतो संपूर्णपणे एनॅमलवर राहील एवढेच कोरावे. डेंटिन उघडे पडले की बंधाचे आयुष्य कमी होते.

घोडबंदरकर

सर्वांचे आभार. काल रात्री मुलाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहिला. आतील बाजू पूर्णपणे स्वच्छ आहे, सिमेंटचा अंशही नाही, आणि ती चक्क चकचकीत आहे. दाढेकडे आरशातून मोबाइलच्या उजेडात पाहिले, तर मध्यभागी पिवळसर पांढरा थर दिसतो. जिभेलाही तो लागतो.

लॅबचे कार्डही सापडले. त्यावर ‘झिरकोनिया’ असे छापले आहे. वरच्या चर्चेत काचयुक्त सिरॅमिकचा उल्लेख आला, झिरकोनिया त्यात मोडतो काय?

मेणकाम

मोडत नाही, आणि सगळी गोम तेथेच आहे. झिरकोनियात काच नसते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल लावा किंवा लावू नका, आपल्या नेहमीच्या वेळेत त्यावर उपयोगी खाचा पडत नाहीत. तो खडूसारख्या मऊ अवस्थेत सुमारे २० ते २५ टक्के मोठा कोरतात आणि मग १५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात, तेव्हा आकसून योग्य मापाचा होतो. ताकदीने तो लिथियम डायसिलिकेटच्या दुपटीच्या घरात जातो, म्हणूनच तुमचा तुकडा सुटूनही तडकला नाही.

आतील बाजू चकचकीत आहे याचा अर्थ तिच्यावर सँडब्लास्टिंग, म्हणजे बारीक कणांचा जोरदार मारा, झालेले नाही. झालेले असते तर ती मॅट, दुधी दिसली असती. बाहेरच्या चकाकीसाठी लावलेले ग्लेझ आत ओघळले असण्याचीही शक्यता आहे. माझ्या लॅबमध्ये ऑनलेच्या फॉर्मवर झिरकोनिया लिहिलेला आला, की मी डॉक्टरांना फोन करून विचारतो की हेच हवे आहे ना. प्रत्येक जण विचारतोच असे नाही.

दंतकथा

चित्र बरेच स्पष्ट झाले. झिरकोनियासाठी वेगळा मार्ग आहे. पहिली पायरी म्हणजे सुमारे ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना कणांचा हलका मारा, १ ते २ बार दाबाने. दाब वाढवला तर सूक्ष्म तडे जाण्याची भीती असते. दुसरी पायरी म्हणजे एमडीपी असलेला प्रायमर. एमडीपी हा फॉस्फेट गट असलेला रेणू जपानमधील कुरारे कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस विकसित केला. त्याचा फॉस्फेट गट झिरकोनियम ऑक्साइडशी रासायनिक बंध करतो आणि दुसरे टोक रेझिनमध्ये मिसळते. सायलेन काचेसाठी जे करते तेच हा झिरकोनियासाठी करतो. तिसरी पायरी रेझिन सिमेंटची, आणि तेही आपोआप व प्रकाशाने अशा दोन्ही मार्गांनी घट्ट होणारे, कारण झिरकोनियातून निळा प्रकाश पुरेसा आरपार जात नाही.

आता येथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. बसवण्याआधी तुकडा दाढेवर ठेवून पाहतात, तेव्हा त्याला लाळ लागते. लाळेतही फॉस्फेट असते आणि ते झिरकोनियाच्या नेमक्या त्याच जागा अडवून बसते, ज्या एमडीपीला हव्या असतात. काचयुक्त सिरॅमिकवरची लाळ फॉस्फोरिक आम्लाने साफ करणे चालते, म्हणून सवयीने तेच झिरकोनियावरही करतात आणि आणखी फॉस्फेट ओततात. झिरकोनियावर ते आम्ल लावू नये. लाळ लागल्यानंतर पुन्हा सँडब्लास्टिंग करावे किंवा त्यासाठी मिळणारी खास अल्कधर्मी पेस्ट वापरावी.

रबाळे_रसायन

रसायनाच्या दृष्टीने हे पटते. त्या पेस्टमध्ये झिरकोनियाचेच कण असतात ना? म्हणजे लाळेतले फॉस्फेट तुकड्याला सोडून त्या कणांकडे ओढले जाते.

दंतकथा

अगदी तसेच.

शंकेखोर

माझ्या मूळ म्हणण्यात बदल करतो. सिमेंट एकवेळ चांगले असेलही, परंतु ते चुकीच्या पृष्ठभागावर गेले. मात्र आता प्रश्न असा की दोष चिक्कीचा नव्हता, तर नवीन तुकड्याचा खर्च कोणी करायचा?

नौपाड्याचा_नाना

मेहुण्याने. त्याने सिमेंटवर खोटा आळ घेतला.

तलावपाळी

खर्चाचे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. वैद्यकीय बाजूने मला दोन पर्याय दिसतात. पहिला, हाच तुकडा सँडब्लास्ट करून एमडीपीसह पुन्हा चिकटवणे. दुसरा, लिथियम डायसिलिकेटचा नवा तुकडा करून तो आम्ल आणि सायलेनच्या मार्गाने बसवणे. मी दुसरा निवडीन, कारण काचयुक्त सिरॅमिकच्या बंधाचा अनुभव मोठा आहे. पोर्सलेन एच करून चिकटवण्याची पद्धत १९८३ पासून वापरात आहे. ऑनले द्यायचेच असेल तर निदान ज्या पदार्थाला खाचा पडतात त्याचे द्यावे.

दंतकथा

येथे मी पहिला पर्याय आधी वापरून पाहीन. तुकडा अखंड आहे, कडा नीट बसत असतील आणि खाली कीड लागलेली नसेल, तर तो फेकण्याचे कारण नाही. झिरकोनिया चिकटतच नाही हा समज आता मागे पडला आहे. तिन्ही पायऱ्या पाळल्या तर चांगला बंध मिळतो. मात्र कडेने फट दिसत असेल किंवा दाढेची उरलेली भिंत पातळ असेल, तर सरांचे म्हणणे योग्य.

घोडबंदरकर

आज माझ्या डॉक्टरांना भेटलो. लॅबचे कार्ड आणि तुकड्याची चकचकीत बाजू दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. तुकडा सँडब्लास्टिंगसाठी लॅबकडे पाठवतो आणि एमडीपीचे प्रायमर मागवतो, असे म्हणाले. रबर डॅम लावण्यासही तयार आहेत. नव्या पैशांची मागणी नाही. दाढेवर तोवर युजेनॉलविरहित तात्पुरते फिलिंग केले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. दाढेवर जो जुन्या सिमेंटचा थर घट्ट बसलेला आहे, तो पूर्ण खरवडून काढावा लागेल काय? आणि लॅबमधून सँडब्लास्ट होऊन आलेला तुकडा दवाखान्यात काही दिवस पडून राहिला तर चालेल काय?

दंतकथा

पहिल्याचे उत्तर. तो थर जर खरोखर घट्ट असेल आणि त्याखाली कीड नसेल, तर डेंटिनपर्यंत खरवडण्याचा आग्रह नको. त्या बाजूचा बंध टिकला आहे, तो मुद्दाम कशाला मोडायचा? तुकडा पूर्ण खाली बसण्याइतकी जागा करून घ्यावी, उरलेल्या थरावर सूक्ष्म कणांचा हलका मारा करून तो स्वच्छ व खडबडीत करावा, कडेच्या एनॅमलला फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावावे, धुवावे आणि मग बॉंडिंग एजंट लावावा. हे आम्ल दाढेवर चालते, तुकड्यावर नाही, एवढे सहायकाला आधी सांगून ठेवलेले बरे. शेवटी कडांवर ग्लिसरीन जेल लावून प्रकाश दिला, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर कच्चा राहत नाही.

मेणकाम

दुसऱ्याचे मी सांगतो. सँडब्लास्ट केलेला तुकडा जेवढा ताजा तेवढा बरा; हाताळताना बोटांचा तेलकटपणा लागतो आणि हवेतली घाणही बसते. शिवाय दाढेवर ठेवून पाहिल्यावर लाळ लागणारच. त्यामुळे डॉक्टरांकडे खुर्चीजवळ वापरायचे लहान सँडब्लास्टर असेल, तर आधी तुकडा ठेवून पाहावा, मग मारा, मग प्रायमर आणि लगोलग सिमेंट, असा क्रम ठेवावा. ते यंत्र नसेल तर ती पेस्ट आधीच मागवून ठेवायला सांगा. दोन्ही नसेल आणि लॅब ठाण्यातच असेल, तर तुकडा ठेवून पाहण्याचे काम सकाळी करून, त्याच दिवशी लॅबमधून मारा करून आणवून, संध्याकाळी चिकटवता येईल. मात्र दुसऱ्या वेळी तो दाढेवर ठेवून पाहायचा नाही, थेट बसवायचा.

घोडबंदरकर

यंत्र त्यांच्याकडे नाही, हे विचारून घेतले. लॅब पाचपाखाडीत आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचा बेत जमेल. शनिवारची वेळ घेतली आहे.